१८ कोटींचा गुंठा

२०१९ साली मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातला, म्हणजे बीकेसीतला, तीन एकरांचा एक भूखंड सुमितोमो या जपानी उद्योगसमूहातल्या कंपनीकडे गेला. किंमत २,२३८ कोटी रुपये, म्हणजे एकराला सुमारे ७४५ कोटी. आमच्याकडे जमिनीचा भाव एकरात किंवा गुंठ्यात सांगतात. एकराचे ४० गुंठे, तेव्हा एक गुंठा १८ कोटी ६० लाखांना पडला. चौरस फुटाचा हिशेब केला तर १ लाख ७१ हजार. फायलीतला साधा ए-फोर कागद त्या जमिनीवर ठेवला, तर त्याच्याखालची माती सव्वा लाखाच्या थोडी आत येते. आणि एवढं मोजून जमीन मालकीची होत नाही. ती मिळते ८० वर्षांच्या भाडेपट्ट्याने.

या जमिनीत काही पिकत नाही, खालून खनिज निघत नाही, वर कारखानाही उभा राहत नाही. संकुलातल्या इमारतींत बसतात बँकांची मुख्य कार्यालयं, गुंतवणूक सल्लागार, कायदेविषयक पेढ्या, लेखापरीक्षक, विमा आणि जाहिरातवाले. त्यांच्या मालाला वजन नसतं. सल्ला, करार, ताळेबंद, मत एवढंच ते विकतात. ज्वारीचं पोतं तुळजापुरातून मुंबईला न्यायचं तर ट्रक लागतो, डिझेल लागतं, रात्र लागते. करारनामा पाठवायला काहीच लागत नाही. काचेच्या तंतूतून प्रकाश एका सेकंदाला जवळपास दोन लाख किलोमीटर जातो. वांद्रे ते तुळजापूर सरळ रेषेत साडेतीनशे किलोमीटर धरले, तर तो करार दोन मिलिसेकंदांच्या आत तुळजापुरात पोचायला हवा. डोळ्याची पापणी लवायला याच्या कितीतरी पट वेळ लागतो.

मग ज्यांचा माल दोन मिलिसेकंदांत कुठेही पोचतो, त्यांनीच देशातली सगळ्यांत महागडी जमीन का धरून बसावं? बालाघाटाच्या कडेवरच्या आमच्या तुळजापुरातून पाहिलं की हा प्रश्न फार टोचतो. आमची शिकलेली मुलं पुण्या-मुंबईला जातात ती बहुतांशी याच ऑफिसांत बसायला.

आधी आकार नजरेत यावा. १९७७ साली मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाला (एमएमआरडीए) या भागाची नियोजनाची जबाबदारी मिळाली. संकुलाचं क्षेत्र ३७० हेक्टर, म्हणजे ३.७ चौरस किलोमीटर. आमच्या धाराशिव जिल्ह्याचं क्षेत्र साडेसात हजार चौरस किलोमीटरच्या आसपास आणि गावं सातशेहून अधिक. सरासरी काढली तर एका गावाचं शिवार दहा चौरस किलोमीटरचं भरतं. म्हणजे आमच्या एका मध्यम गावाच्या शिवारात अख्खं बीकेसी बसवून वर दोन तृतीयांश रान पेरायला मोकळं राहील.

लंडनचं उदाहरण याहून दाट आहे. तिथल्या जुन्या ‘सिटी’चं क्षेत्र २.९ चौरस किलोमीटर. २०२१च्या जनगणनेत तिथे राहणारी माणसं साडेआठ हजारांच्या घरात भरली. कामाला येणारी मात्र अलीकडच्या अंदाजांनुसार सहा लाखांहून जास्त. धाराशिव जिल्ह्याची २०११ची लोकसंख्या १६ लाख ५७ हजार होती. तिच्या एक तृतीयांशाहून जास्त माणसं रोज सकाळी तीन चौरस किलोमीटरमध्ये शिरतात आणि संध्याकाळी बाहेर पडतात. तुळजापूर शहराची त्याच जनगणनेतली संख्या ३४ हजार. यात्रेच्या दिवसांत गावाची जी दशा होते ती आम्ही पाहिली आहे. लंडनच्या त्या तुकड्यात माणसांचा तो लोंढा दर सोमवारी येतो.

या दाटीमागे अंतराचं गणित आहे आणि ते किलोमीटरमध्ये होत नाही, मीटरमध्ये होतं. अमेरिकेतल्या एमआयटीचे थॉमस ॲलन यांनी संशोधन संस्थांमधल्या अभियंत्यांचा अभ्यास करून १९७७ साली पुस्तक काढलं. कोण कोणाशी कामाबद्दल बोलतो आणि दोघांची टेबलं किती लांब आहेत, हे त्यांनी मोजलं. टेबलं तीस-पन्नास मीटरच्या पलीकडे गेली की नियमित बोलणं जवळजवळ आटतं, असं त्यात दिसलं. एकाच संस्थेत, एकाच छपराखालीसुद्धा. पुढे २००८ साली मोहम्मद अर्झाघी आणि व्हर्नन हेंडरसन यांनी न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमधल्या जाहिरात संस्थांवर निबंध प्रसिद्ध केला. शेजारी दुसऱ्या जाहिरात संस्था असण्याचा फायदा मोठा असतो, त्यासाठी वरच्या दर्जाच्या संस्था जास्त भाडंही मोजतात. पण अंतर वाढेल तसा तो फायदा झपाट्याने उतरतो आणि ७५० मीटरवर संपतो.

पाऊण किलोमीटर! ज्या धंद्याचा माल विजेच्या वेगाने जगभर जातो, त्याच्या शेजारधर्माची हद्द पाऊण किलोमीटर. चालत दहा मिनिटं. यामागचं कारण साधं आहे. जाहिरात संस्थेला उद्या सकाळी छायाचित्रकार हवा असतो, परवा एखादं काम अर्धं वाटून घ्यायला जोडीदार हवा असतो. कोणतं गिऱ्हाईक पैसे बुडवतं, कोण नवा हुशार मुलगा जागा बदलायला निघाला आहे, हे ईमेलवर कोणी लिहीत नाही. ते जेवणाच्या सुट्टीत, लिफ्टमध्ये, चहाच्या टपरीवर कळतं.

७५० मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ पावणेदोन चौरस किलोमीटर येतं. बीकेसीच्या क्षेत्रात अशी दोन वर्तुळं मावतील, लंडनच्या सिटीत दीडच्या थोडी वर. हा अंशतः योगायोग असेल, न्यूयॉर्कच्या जाहिरातवाल्यांचा आकडा सगळ्या धंद्यांना लावता येणार नाही. तरी जगातली मोठमोठी ऑफिस-केंद्रं माणसाच्या चालण्याच्या टप्प्याएवढीच राहतात, याचं मला फार नवल वाटतं. शहर दोन कोटींचं झालं तरी त्याचा हा गाभा फुगत नाही. फार तर दुसरीकडे नवा गाभा तयार होतो.

हे तुळजापुरात पटवून द्यावं लागत नाही. तुळजाभवानी मंदिराच्या महाद्वाराच्या आसपासचा रस्ता पाहा. परडी, कवड्यांची माळ, हळद-कुंकू, खण-साडी, नारळ यांची दुकानं एकमेकांना खेटून आहेत आणि प्रत्येकाला दाराच्या दिशेने दोन पावलं पुढे सरकायचं आहे. हा झाला माल. सेवा देणारेही तिथेच आहेत. कोणत्या घराण्याचा पुजारी कोण, हे नातं इथे पिढ्यानपिढ्या चालत आलेलं असतं. तो अभिषेकाची व्यवस्था लावतो, यजमानाला उतरायला घर देतो, कुळाचाराचं अडलेलं सांगतो. कुळाचाराचा गोंधळ घालायचा तर गोंधळीही जवळच मिळतो. अनोळखी गावात आलेल्या माणसाला भरवशाचा सल्ला आणि त्याला लागणाऱ्या सगळ्या गोष्टी थोड्या पावलांत मिळाव्यात, यासाठी ही वस्ती दारापाशी गोळा झाली. बीकेसीचे सॉलिसिटर आणि लेखापरीक्षक याच नियमाने एकत्र आलेत.

यातला खरा चक्रावणारा आकडा जमिनीच्या भावाचा नाहीच, तो जोड्यांचा आहे. दहा पेढ्या एका ठिकाणी असतील तर त्यांच्यात ४५ जोड्या संभवतात. पन्नास पेढ्या असतील तर १,२२५. बीकेसीतल्या भारत डायमंड बोर्स या हिरेबाजारात २० एकरांवर नऊ इमारती आहेत आणि त्यांत सुमारे २,५०० कार्यालयं. त्यांच्यात संभवणाऱ्या जोड्या किती? ३१ लाख २३ हजार ७५०. पेढ्या दहाच्या अडीच हजार झाल्या, म्हणजे अडीचशे पट. जोड्या मात्र ६९ हजार पट वाढल्या. वीस एकरांत, म्हणजे आमच्याकडच्या एखाद्या बऱ्यापैकी बागायतदाराच्या जमिनीएवढ्या तुकड्यात, एकतीस लाख संभाव्य व्यवहार. जमिनीचा भाव या जोड्यांचा भाव असतो.

यातून दुसरी गोष्ट निघते आणि ती आमच्यासारख्या गावांना कठीण जाते. अडीच हजारांतला एक जण उठून नव्या जागी गेला, तर तो २,४९९ शेजारी सोडतो आणि तिथे त्याला मिळतात पाच-दहा. नवी जागा कितीही स्वस्त असो, पहिला जाणारा तोट्यात जातो. म्हणून पहिला कोणी जात नाही, आणि पहिला जात नाही म्हणून दुसराही जात नाही.

हे सुरतेत सगळ्या देशाने पाहिलं. जगातल्या बहुतेक हिऱ्यांना पैलू पडतात सुरतेत. त्यांचा मोठा बाजार मात्र मुंबईत. १७ डिसेंबर २०२३ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते सुरत डायमंड बोर्सचं उद्घाटन झालं. सुमारे ६७ लाख चौरस फूट, चार हजारांहून अधिक कार्यालयं, अमेरिकेच्या पेंटॅगॉनपेक्षा मोठी इमारत. कारागीर गावातले, कारखाने गावातले, जागा मुंबईपेक्षा कितीतरी स्वस्त. तरी पुढे बराच काळ बहुतेक कार्यालयांची कुलुपं उघडली नाहीत. मुंबईत परदेशी खरेदीदार उतरतात, बँका आहेत, दलाल आहेत, आणि शेजारच्या दारात दुसरा व्यापारी आहे. चार हजार गाळे बांधता येतात, पण ऐंशी लाख जोड्या कोणत्याही कंत्राटदाराला बांधून देता येत नाहीत.

मुंबईचा हिरेबाजारही एकदा हलला होता, पण तो सगळाच्या सगळा. आधी तो ऑपेरा हाउसजवळच्या पंचरत्न आणि प्रसाद चेंबर्समध्ये दाटला होता. बीकेसीतलं बोर्स २०१० साली सुरू झालं, तेव्हाही कित्येक व्यापारी जुनी जागा सोडायला तयार नव्हते. १३ जुलै २०११ रोजी ऑपेरा हाउस, झवेरी बाजार आणि दादरला बॉम्बस्फोट झाले आणि त्यानंतर स्थलांतराला वेग आला. एवढं भीषण कारण घडल्यावर बाजार हलला, तोही एकाच आवारात, एकमेकांच्या शेजारी.

शेअर दलालांची गोष्ट याहून जुनी. १८५०च्या दशकात ते टाउन हॉलसमोरच्या, आजच्या हॉर्निमन सर्कलच्या परिसरातल्या वडाखाली जमत. १८७५ साली त्यांची संघटना, म्हणजे आजची बीएसई, झाली, दलाल स्ट्रीटवर जागा झाली आणि १९८० साली तिथे आजचा उंच मनोरा उभा राहिला. वडापासून मनोऱ्यापर्यंत अंतर किती? चालत पाच-सात मिनिटं. सव्वाशे वर्षांत तार आली, टेलिफोन आला, दोन महायुद्धं झाली, देश स्वतंत्र झाला आणि बाजार सरकला पाच मिनिटं. १९९४ साली नॅशनल स्टॉक एक्स्चेंजने पडद्यावरचे व्यवहार सुरू केले, वर्षभरात बीएसईतला ओरडून सौदे करण्याचा प्रकारही गेला. तेव्हापासून तत्त्वतः दलाल तुळजापुरात बसूनही सौदा करू शकतो. पण नॅशनल स्टॉक एक्स्चेंज गेलं बीकेसीला, सेबीही तिथेच, बँकाही तिथेच. अंतराची अट सुटली तरी माणसं पुन्हा चालण्याच्या टप्प्यात येऊन बसली.

सरकारने हुकूम काढून हे बदलता येतं का? नवी मुंबई हा त्याचा महाराष्ट्रातला सगळ्यांत मोठा प्रयोग. १९६५ साली चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे जुळं शहर वसवण्याची कल्पना मांडली. १९७० साली त्यासाठी सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झालं. ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्र, म्हणजे नव्वदहून अधिक बीकेसी. बेलापूरच्या एका भागाला नावच सीबीडी, म्हणजे मध्यवर्ती व्यापारी केंद्र, असं दिलं. पण मंत्रालय दक्षिण मुंबईतच राहिलं आणि त्याच काळात नरिमन पॉइंटला समुद्रात भर घालून मनोरे उभे राहत होते. एअर इंडियाची २३ मजली इमारत १९७४ची. वाशीला लोकल पोचली १९९२ साली, सिडकोच्या स्थापनेनंतर २२ वर्षांनी. जे पहिलं जायला हवं होतं ते सरकारच गेलं नाही, मग पेढ्या कशाला जातील? पुढे महापे-ऐरोलीला ऑफिसं आली, ती माहिती तंत्रज्ञानाची आणि बँकांच्या मागच्या कामाची: नोंदी, हिशेब, ग्राहकांचे फोन. ज्या कामात समोरासमोर बसावं लागत नाही ते खाडी ओलांडून गेलं, ज्यात हात मिळवावा लागतो ते इकडेच राहिलं. त्या एअर इंडिया इमारतीसाठी राज्य सरकारने अलीकडे १,६०१ कोटी रुपये मोजले. मजल्यामागे जवळपास ७० कोटी, पन्नास वर्षं जुन्या इमारतीला!

निसर्गानेही एकदा हुकूम काढून पाहिला. बीकेसी मिठी नदीकाठच्या दलदलीत आणि खारफुटीत भर घालून झालं आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. आमच्या जिल्ह्यात वर्षभरात सातशे-आठशे मिलिमीटर झाला तर साल चांगलं गेलं म्हणतात. म्हणजे आमच्या वर्षाहून मोठा पाऊस त्यांच्या एका दिवसात. मिठीचं पात्र आवळलं म्हणून या भरावावर बोट ठेवलं गेलं, ते योग्यच होतं. पण ऑफिसं उठली नाहीत. चौदा वर्षांनी तिथलाच गुंठा १८ कोटींना गेला.

आता या दाट ठिपक्यांना जोडणारी भुयारी मेट्रो तीन झाली आहे. कफ परेड, विधान भवन, हुतात्मा चौक, वरळी, बीकेसी: मुंबईतली जुनी-नवी ऑफिस-केंद्रं तिच्यावर ओळीने येतात. लांबी ३३.५ किलोमीटर, खर्च ३७ हजार कोटींच्या वर, म्हणजे किलोमीटरला अकराशे कोटी. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव हा आमचा रेल्वेमार्ग ८४ किलोमीटरचा, त्याचा सुधारित खर्च तीन हजार कोटींच्या पुढे गेला आहे. मुंबईच्या मेट्रोचे तीन किलोमीटर म्हणजे आमचा जवळपास अख्खा मार्ग. मेट्रो नको होती असं मी म्हणत नाही. तिथल्या लोकलमध्ये लोंबकळणारी माणसं आपलीच आहेत. पण ज्या ठिकाणी पेढ्या जमल्या तिथे पैसा ओढला जातो आणि त्या पैशाने तिथे आणखी पेढ्या जमतात, हे चक्र या दोन आकड्यांत उघडं दिसतं.

तुळजापूरच्या दुकानदाराला, लॉजवाल्याला, द्राक्ष बागायतदाराला हिशेबनीस लागतो, करसल्लागार लागतो, वकील लागतो. त्यातले काही गावात आहेत. मोठं काम निघालं की माणूस पंचेचाळीस किलोमीटरवरच्या सोलापूरला जातो. उच्च न्यायालयाचं काम निघालं तर संभाजीनगर खंडपीठ, अडीचशेहून जास्त किलोमीटर. १८ ऑगस्ट २०२५ रोजी कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालं आणि सोलापूर जिल्हा तिकडे गेला. तुळजापूर धाराशिवात असल्याने संभाजीनगरकडेच राहिलं. न्यायालयाच्या दारापाशी वकिलांची ऑफिसं जमतात, ही तर जगभरची रीत. मुंबईचं उच्च न्यायालय फोर्टमधून वांद्र्याला न्यायचं आहे, त्याच्या नव्या संकुलाचं भूमिपूजन २०२४ साली झालं आहे. १८७८ पासून फोर्टमधल्या जुन्या इमारतीभोवती जमलेल्या वकिलांच्या चेंबर्सचं पुढे काय होतं, हे पाहण्यासारखं असेल.

काही कामं मात्र खरोखर सुटी झाली आहेत. २०१७ पासून जीएसटीचं विवरणपत्र ऑनलाइनच भरावं लागतं. २०२० पासून आयकराची तपासणी आणि अपील चेहराविरहित पद्धतीने होऊ लागली. अधिकारी कोणत्या शहरात बसला आहे हेही बहुतेकदा करदात्याला कळत नाही. म्हणजे अधिकाऱ्याच्या टेबलाजवळ असण्याचा जो फायदा मोठ्या शहरातल्या सल्लागाराला होता, तो बराच कमी झाला. तुळजापुरातली एखादी मुलगी सीए झाली, तर कायद्याने आणि तंत्राने तिला इथे बसायला अडचण नाही. अडचण शेजाऱ्यांची आहे. अवघड प्रकरण आलं तर विचारायचं कोणाला, हाताखाली शिकाऊ मुलं मिळणार कुठून, मोठं गिऱ्हाईक आलं तर काम वाटून घ्यायचं कोणाबरोबर?

म्हणून प्रत्येक तालुक्याला एक छोटं आयटी पार्क, एक सेवा केंद्र अशी घोषणा ऐकली की मी जोड्या मोजू लागतो. धाराशिव जिल्ह्यात तालुके आठ. प्रत्येक ठिकाणी चार पेढ्या वाटल्या तर बत्तीस पेढ्यांच्या मिळून ४८ जोड्या होतात. त्याच बत्तीस एका आवारात बसवल्या तर ४९६. पैसा तोच, माणसं तीच, फरक दहा पटींचा. आवार सोलापुरात असो की धाराशिवात, यावर भांडण होईल, आणि तुळजापूरचा माणूस म्हणून ते आमच्याकडे व्हावं असं मलाही वाटेल. पण आठ तुकडे करून सगळ्यांना खूश केलं, तर आठही ठिकाणी कुलुपं दिसतील.

रेल्वे सुरू झाली की सोलापूर आणखी जवळ येईल. जवळ आलेलं शहर छोट्या गावातलं काम ओढूनही नेतं. इथला लॉजवाला सकाळच्या गाडीने आपल्या वह्या सोलापूरला नेईल, की सोलापूरची पेढी आठवड्यातून दोन दिवस इथे टेबल मांडेल, हे गाडीच्या वेळापत्रकाने ठरणार नाही. स्टेशनापासून दहा मिनिटांच्या चालण्यात तोवर आणखी किती पेढ्यांनी जागा घेतल्या असतील, त्यावर ते ठरेल.